उसळलं नाही ते पिकलं

कमरेच्या उंचीवरनं सोडायचं फरशीवर.
टुणकन उसळलं तर कच्चं. परत पोत्यात, पेंढ्यात.
ढप्प करून जागीच बसलं
तर समजायचं, आत गर सुटलाय.
गोदाक्का कुडचेनं मला कामाला लावलं
ते एवढंच शिकवून.

वाडीत, देवळाकडं उतरणाऱ्या गल्लीत,
दुकानाच्या मागं आमचा भटारखाना.
पुढं बासुंदी, पेढे, गिऱ्हाईकांच्या चपलांचा ढीग;
मागं आम्ही दोघी आणि दीडशे कवठं.
माघ लागला की दिवसभर ढप्प, टुण्, ढप्प.
शेजारचं पोर भिंतीवरनं विचारायचं,
अक्का, तुमच्यात क्रिकेट चाललंय काय?

फोडल्यावर जो वास येतो तो काही सभ्य नव्हे.
आंबलेल्या ताकाचा, गुळाच्या ढेपेचा,
आणि थोडा बंद ट्रंकेतल्या घोंगड्याचा.
नाक मुरडणाऱ्याला गोदाक्का वाटीभर चटणी द्यायची:
गर, त्याच्या निम्मा गूळ, जिरं, मीठ,
दोन ओल्या मिरच्या, पाट्यावर भरड.
"भाकरीबरोबर खा. उद्या सांग."
उद्या वाटी चाटूनपुसून परत यायची.
कधी माणूसही यायचं नाही आणि वाटीही.

बर्फीला मात्र सबुरी.
गर चाळणीवर घासायचा; बिया आणि दोरे वर राहतात,
मनगटं कामातनं जातात.
साखर, मंद जाळ, आणि ढवळणं,
मधोमध उलथनं उभं राहीपर्यंत.
रंग आपला आपण येतो, ओल्या विटेचा.

चांगली कवठं भूपाल मगदूमच्या बांधावरची.
लहानपणी त्याच्याच गुऱ्हाळावर खाल्लीत मी:
अर्ध्या कवटीत गरम काकवी ओतायची,
उसाच्या चिपाडानं कालवायचं,
निवायची वाट बघणारं कुणी नसायचंच.
कवटी टाकायची नाही. आई त्यात खडेमीठ ठेवायची.
पुराच्या साली त्या झाडाला होडी बांधलेली बघितलीय.
पाणी उतरलं, खोडावर चिखलाची रेघ राहिली,
आणि माघात फांद्या लवल्याच, दरसालसारख्या.

मग भूपालनं ते तोडलं.
सावलीखाली ऊस पिवळा पडतो म्हणाला.
पाच सऱ्यांचा ऊस.
गोदाक्का काही बोलली नाही.
ऐकलं, आणि होती तिथंच बसली. ढप्प.
मला वाटलं, पिकलेली बाई.

तेव्हापासून कवठं रायबागकडनं येतात, टेम्पोनं,
निम्मी वाटेतच तडकलेली.
एका सकाळी मालकाच्या पोरानं, सुदर्शननं,
कट्ट्यावर एक बाटली आणून ठेवली.
चार थेंब. वास त्यातच, रंगही त्यातच.
"गर निम्मा पुरंल, अक्का. गिऱ्हाईकाला काय कळतंय."

सत्तरीची बाई अशी उसळली
की हातातलं उलथनं छपराच्या पत्र्याला लागलं.
"तुझ्या बाला नेऊन दे ती बाटली!
पडशाला येईल कामाला!"
पुढची रांग आत डोकवायला लागली.
सुदर्शन गेला. बाटली तिथंच.

मी हातातलं कवठ धरून उभी.
इतक्या वर्षांत शिकलेलं एकच,
तेही खोटं पडलं का काय, कळेना.
अक्कानं पदरानं तोंड पुसलं,
कढईत बघितलं:
"लागलं की खाली. ढवळ गं, बघतीस काय."

ढवळलं. तळाला करपलं होतं.
ती थाळी विकली नाही, आम्ही दोघींनीच खाल्ली,
दुपारी, पोत्यांवर बसून.
जळक्या साखरेच्या मागनं, जरा उशिरानं,
कवठ आलंच.